नांव ठेवितांना

'नांव ठेवणें' आणि 'नांवें ठेवणें' या दोन क्रियांत आपल्या भाषेनें एका मात्रेचें अंतर ठेविलें आहे. व्यवहारांत तेवढेंहि राहत नाहीं. पाळण्यांत घातलेल्या मुलीचें नांव कोणीं पूर्वीं ऐकिलेलें नसेल, तर पाळण्याची दोरी हातची सुटते न सुटते तोंच पहिली क्रिया संपून दुसरी सुरू होते. "हें कसलें बाई नांव? याचा अर्थ काय? कोणत्या पुस्तकांत आहे?" मुलाच्या विचित्र नांवास लोक एकदां हंसून गप्प बसतात, मुलीच्या नांवाची मात्र उलटतपासणी होते, असा माझा अनुभव आहे.

मी शिकवूं लागल्यास वीस वर्षांहून अधिक काळ झाला. दर जूनमध्यें नवा हजेरीपट हातीं येतो, आणि मुलींचे चेहरे ओळखूं येण्यापूर्वीं त्यांचीं नांवें ओळखीचीं होतात. आरंभींच्या वर्षांत एका वर्गांत तीन पूजा, दोन प्रियांका, दोन स्नेहल असणें ही नित्याची गोष्ट होती. 'पूजा' म्हणून हाक मारिली कीं तीन माना वळत, आणि मग 'उंच पूजा', 'चष्म्याची पूजा' असे भेद करावे लागत. आमच्या ख्रिस्ती घरांतील मुलींत रूथ, एस्तेर, करुणा, आशा हीं नांवें फिरून फिरून येत. आतां पटावर एकच नांव दोनदां क्वचित् दिसतें. कांहीं नांवें चित्रपटांतून आलेलीं असतात, कांहीं परदेशांतून. आणि दोनचार अशीं असतात कीं तीं त्या मुलीखेरीज जगांत दुसऱ्या कोणाचीं असतील असें वाटत नाहीं.

पहिल्या दिवशीं मी प्रत्येकीच्या नांवाचा उच्चार तिच्याच तोंडून ऐकतें व अर्थहि विचारतें. बहुतेकजणी इंटरनेटवर सांपडलेला अर्थ सांगतात. 'परी', 'राजकन्या', 'देवाची देणगी' या तीन अर्थांवर अर्धा वर्ग निभावतो. आणि मूळ भाषा कोणती असें विचारिलें तर उत्तर ठरलेलें, 'संस्कृत'. बिचाऱ्या संस्कृत भाषेला आपल्या या नव्या शब्दसंपत्तीची वार्ताहि नसावी! एके वर्षीं पांचवीच्या वर्गांतील एक मुलगी मात्र सरळ म्हणाली, "बाई, अर्थ कांहीं नाहीं. आई-बाबांनीं मिळून केलंय." वर्ग हंसला. ती हंसली नाहीं, आणि मान खालीं घालूनहि बसली नाहीं.

मला तें उत्तर आवडलें. शिक्षकांच्या खोलींत मीं तें सांगितलें तेव्हां एक वडीलधारे सहकारी म्हणाले, "ज्याला अर्थ नाहीं तें नांव कसलें? तो नुसता आवाज." आक्षेप जुना आहे आणि वरवर पाहतां खराहि वाटतो. परंतु मी मराठीबरोबर इंग्रजीहि शिकवितें, आणि त्या भाषेंतील मुलींचीं कितीतरी नांवें अशा आवाजांतूनच निघालेलीं आहेत. 'व्हनेसा' हें नांव जोनाथन स्विफ्ट या लेखकानें एस्थर व्हॅनहोमरी नांवाच्या आपल्या मैत्रिणीसाठीं बनविलें. तिच्या आडनांवांतील 'व्हॅन' घेतला आणि एस्थरचें लाडकें रूप 'एस्सा' त्याला जोडून दिलें. आजचे आईबाप आपल्या दोघांच्या नांवांचे तुकडे जोडतात, त्याहून ही रीति वेगळी नाहीं. ज्या कवितेंत हें नांव आहे ती १७२६ सालीं छापून निघाली. पुढें १८०७ सालीं फाब्रिसियस या कीटकशास्त्रज्ञानें तें फुलपाखरांच्या एका प्रजातीस दिलें, आणि त्या प्रजातीचीं फुलपाखरें आपल्या देशांतहि उडतांना दिसतात. 'पामेला' हें सर फिलिप सिडनी यांच्या १५९० सालीं छापलेल्या 'आर्केडिया'तील नांव. 'मिरांडा' शेक्सपिअरनें लॅटिन भाषेंतील एका विशेषणावरून घेतलें. 'वेंडी'ची कथा तर मुलांना मी दरवर्षीं सांगतें. हेन्ली नांवाच्या कवीची चिमुकली कन्या लेखक जे. एम्. बॅरी यांस 'फ्रेंडी' म्हणूं जाई, पण 'र' जिभेवर वळत नसल्यानें त्याचें 'फ्वेंडी' होई. ती मुलगी १८९४ सालीं, सहावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच वारली. तिच्या त्या बोबड्या शब्दावरून बॅरी यांनीं १९०४ सालच्या आपल्या 'पीटर पॅन' नाटकांतील मुलीला 'वेंडी' म्हटलें, आणि जें नांव त्यापूर्वीं क्वचितच कोणाचें होतें तें घरोघर झालें. हीं सारीं नांवें आज आपणांस जुनीं वाटतात, इतकेंच. कोणत्याहि नांवाचें पहिलें बारसें केव्हां ना केव्हां झालेलें असतेंच. आणि अर्थाविषयींच म्हणाल, तर म्हणींतल्या सोनूबाईचें नांव अर्थानें ओथंबलेलें होतें. हातीं मात्र कथलाचा वाळा!

आपल्याकडेहि नांव 'करण्या'ची गरज नवी नाहीं. जन्मनक्षत्राच्या चरणावरून आद्याक्षर काढण्याची रीति आमच्या हिंदु शेजाऱ्यांत आहे. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला 'ङ' येतो, हस्ताच्या तिसऱ्याला 'ण', उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला 'ञ'. या अक्षरांनीं सुरू होणारें मुलीचें नांव कोणीं सुचवावें? तेव्हां पत्रिकेपुरतें एक आणि हाक मारण्यास दुसरें, अशी तोड घरोघर काढितात.

मुलीच्या नांवाचा फारसा विचार न होण्यास पूर्वीं आणखी एक कारण होतें. तें नांव तिला थोडींच वर्षें पुरवावयाचें असे. लग्नांत तांदुळाच्या ताटांत सोन्याच्या अंगठीनें नवें नांव लिहिलें कीं माहेरचें संपलें. अमेरिकेस जाऊन १८८६ सालीं डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना; रमाबाई रानडे याहि माहेरच्या यमुनाच; 'स्मृतिचित्रें' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरीं मनकर्णिका होत्या. आनंदीबाईंच्या पदवीवर जें नांव आहे तें त्यांच्या आईनें ठेविलेलें नव्हे. आतां ही चाल पुष्कळ मागें पडली आहे, आणि जन्मीं ठेविलेलें नांव मुलगी शेवटपर्यंत वागविते. म्हणून तें ठेवितांना आईबाप महिनोन्महिने डोकें खाजवीत असतील तर मी त्यांना हंसत नाहीं.

गेल्या वर्षीं हा प्रश्न आमच्याच घरांत आला. माझ्या धाकट्या भावास दुसरी कन्या झाली. आमच्या घरीं पाळक बाप्तिस्म्याच्या वेळीं जें नांव उच्चारतील तेंच खरें. तथापि पाळण्यापाशीं आत्यानें बाळाच्या कानांत नांव सांगावयाचें, 'कुर्र' करावयाचें, आणि भोंवतालच्या बायकांनीं तिच्या पाठींत धपाटे घालावयाचे, ही जुनी मराठी चाल आम्हीं सोडलेली नाहीं. आत्या मीच, म्हणून सर्वांच्या सूचना माझ्याकडे येऊं लागल्या. आईची इच्छा 'रूथ' ठेवावें अशी होती. भाऊ आणि भावजय यांनीं एक नांव स्वतःच तयार केलें होतें: पहिलें अक्षर तिच्या नांवाचें, शेवटचें त्याच्या, आणि मधलें दोघांचेंहि नव्हे, केवळ गोडव्यासाठीं घातलेलें. आईनें तें ऐकिलें आणि म्हणाली, "हें बाळाचें नांव कीं खोकल्याच्या औषधाचें?"

तिसरी सूचना एका वृद्ध नातलग बाईंची होती. त्या म्हणाल्या, "तृप्ति ठेवा. दोन झाल्या, मुली आतां पुरेत, असं देवालाहि कळेल." त्या हंसत हंसत म्हणाल्या आणि ऐकणारेहि हंसले. 'तृप्ति' किती सुंदर शब्द आहे! त्या नांवाच्या तीन मुली माझ्या हाताखालून गेल्या आहेत, आणि त्यांच्या आईबापांनीं तें तृप्त मनानेंच ठेविलें असेल असें मी मानतें. परंतु त्या दिवशीं, त्या तोंडून, त्याच शब्दाचा अर्थ फिरला. भावजय बाळाला पाजीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती वळली नाहीं. मला मात्र दुसरेंच एक नांव आठवलें.

माझी पहिली नोकरी सातारा जिल्ह्यांत होती. तेथें वसतिगृहांत राहणारी सातवीची एक मुलगी होती. तिचें नांव पटावर 'नकुसा' असें होतें. त्या बाजूला हें नांव कोणास नवल वाटावें असें नाहीं. मुलींमागून मुली झाल्या कीं शेवटचीचें नांव नकोशी किंवा नकुसा ठेवितात. पुढची तरी मुलगी नको, मुलगा व्हावा, असा त्याचा हेतु. मूल जगत नाहीं म्हणून त्याला धोंडू, दगडू, केरू म्हणण्याची जी चाल आहे ती निराळी. तींत मृत्यूला फसविण्याची धडपड असते: हें मूल कवडीमोलाचें आहे, तूं याच्याकडे पाहूं नको. त्या ओबडधोबड नांवाच्या आंत धास्तावलेली माया असते. 'नकुसा'मध्यें कोणालाच फसविलेलें नसतें. जें मनांत आहे तेंच नांवांत येतें.

ही मुलगी चौथी. तिच्या पाठीवर भाऊ झाला, म्हणून घरीं तिच्या नांवाचें कौतुकच होतें. हजेरीला ती खणखणीत 'हजर' म्हणे. एके दिवशीं मी विशेषणाचा पाठ घेत होतें. नामाप्रमाणें विशेषण कसें बदलतें हें सांगतांना पुस्तकांतील उदाहरणें फळ्यावर लिहिलीं: चांगला, चांगली, चांगलें, हवासा, हवीशी, हवेंसें. तिनें बोट वर केलें आणि विचारिलें, "बाई, माझं नांव विशेषण आहे का?"

मीं सांगितलें, "कोणाचेंहि नांव हें विशेषनाम असतें. तुझेंहि विशेषनामच."

ती क्षणभर थांबली. "पण बाई, आधीं तें विशेषण होतं. तेंच मला लावलं."

व्याकरणदृष्ट्या तिचें म्हणणें बिनचूक होतें. मी तिच्या वडिलांना भेटलें. शाळेच्या पटावरील नांव बदलण्यासाठीं काय काय करावें लागेल तें सांगितलें. ते गरीब, सालस गृहस्थ होते. मुलीवर त्यांचा राग नव्हता. ते म्हणाले, "नांव लागू पडलं बाई तिचं. आतां बदललं तर पोराला कांहीं व्हायचं." त्यापुढें माझें कांहीं चाललें नाहीं. तीन वर्षांनीं ती दहावी उत्तीर्ण झाली, आणि दाखल्यावर तेंच नांव घेऊन शाळेंतून गेली.

पुढें २२ ऑक्टोबर २०११ रोजीं साताऱ्यास एक समारंभ झाला. जिल्ह्यांतील नकोशी, नकुसा अशा नांवाच्या मुली शोधून काढून त्यांतील २८५ जणींना त्या दिवशीं नवीं नांवें देण्यांत आलीं, आणि तीं लिहिलेलीं प्रमाणपत्रें त्यांच्या हातीं दिलीं. कित्येकींनीं आपलें नांव आपणच निवडलें होतें. माझी विद्यार्थिनी त्या २८५ जणींत नव्हती. ती केव्हांच शाळा सोडून गेली होती. महाराष्ट्रांत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागें मुलींची संख्या २००१ च्या शिरगणतींत ९१३ होती, ती २०११ सालीं ८९४ वर उतरली. ज्या मुली जन्मास आल्याच नाहींत त्यांना नांवें ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. हें दुःख एकट्या साताऱ्याचें नव्हे, एकट्या महाराष्ट्राचेंहि नव्हे. हरियाणांत 'भतेरी' म्हणजे पुष्कळ झालें असें मुलीचें नांव आढळतें. बंगाल्यांत 'आन्नाकाली', म्हणजे काली माते, आतां आणखी नको. आणि चीन देशांत 'धाकट्या भावाला बोलावून आण' अशा अर्थाचें नांव मुलीला देण्याची चाल होती. देश निराळे, भाषा निराळ्या. मुलीच्या कपाळीं लिहिलेला निरोप मात्र एकच, आणि तो तिच्यासाठीं नव्हेच.

पवित्र शास्त्रांतहि अशी एक मुलगी आहे. होशेय संदेष्ट्यानें आपल्या कन्येचें नांव 'लो-रुहामा' ठेविलें. दया न पावलेली असा त्याचा अर्थ. तें सांगणें इस्राएल राष्ट्राला होतें, हें मला लहानपणींच रविवारच्या शाळेंत शिकविलें गेलें. तरी त्या तान्ह्या मुलीबद्दल मला वाईट वाटे आणि अजूनहि वाटतें. पुढच्याच अध्यायाच्या आरंभीं त्यांतील 'लो' गळून पडतो आणि 'रुहामा' राहते, दया पावलेली. 'नकुसा'ची गोष्ट याहून कठीण आहे. तिच्यांतील 'न' काढून टाकिला तर मागें कांहींच उरत नाहीं. म्हणून साताऱ्यास नांवच मुळांतून नवें शोधावें लागलें.

याच्या उलट ईयोबाच्या पुस्तकाचा शेवट पाहा. त्याचे दिवस फिरल्यावर त्याला सात मुलगे व तीन मुली झाल्या. मुलग्यांचीं नांवें लेखकानें दिलेलीं नाहींत. मुलींचीं दिलीं आहेत, आणि तीं काय नांवें आहेत! यमीमा, कसीया आणि केरेन-हप्पूक. दुसरीचा अर्थ दालचिनीसारखी एक सुवासिक साल, आणि तिसरीचा काजळाचें शिंग, म्हणजे आपल्या भाषेंत काजळाची डबी. शेजारणींनीं त्या काळींहि नांवें ठेविलीं असतील. परंतु त्याच ठिकाणीं लिहिलें आहे कीं, बापानें त्या तिघींना त्यांच्या भावांबरोबर वतन दिलें.

तें पान मीं भावाला वाचून दाखविलें आणि मग त्याच्या त्या घडविलेल्या नांवाकडे वळलें. माझी एक शंका होती ती मीं त्याला विचारिली. महाराष्ट्रांत १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतींत शासकीय कागदपत्रांवर आधीं मुलाचें, मग आईचें, मग बापाचें नांव आणि शेवटीं आडनांव लिहावें असें ठरलें आहे. तेव्हां तुम्हीं दोघेंहि जन्मभर तिच्या मागें उभे आहांतच; तिचें म्हणून जें एकच नांव, त्यांतहि शिरण्याची काय गरज? तो म्हणाला, "ताई, तें सरकारचं. हें आमचं." यावर मला उत्तर सुचलें नाहीं. मग मीं शिक्षिकेला शोभेल अशी परीक्षा घेतली. नांव फळ्यावर लिहून पाहिलें. अंगणांतून मोठ्यानें हाक मारून पाहिलें, कारण दूरवरून हाक मारतांना शेवटचें अक्षर आकारान्त असलेलें बरें. चिठ्ठीवर लिहून चार सहकाऱ्यांना वाचावयास दिलें. देवनागरींत चौघांनीं एकसारखें वाचलें, इंग्रजी अक्षरांत दोघांनीं वेगळें. म्हणून इंग्रजीतील एक अक्षर बदलावयास लाविलें. मुलीला पुढें प्रत्येक खिडकीपाशीं तेंच तेंच समजावीत बसावें लागूं नये, एवढी काळजी घडविलेलें नांव ठेवणाऱ्यांनीं अवश्य घ्यावी.

आणि घाई करूं नये. जन्माची नोंद वेळेवर केली पाहिजे. पण तींत नांव त्याच दिवशीं लिहिलें पाहिजे असें १९६९ चा जन्म-मृत्यु नोंदणीचा कायदा म्हणत नाहीं. नोंदणीनंतर बारा महिन्यांच्या आंत तें शुल्कावांचून घालतां येतें, आणि पुढें थोडें विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. पुष्कळ पालकांस हें ठाऊक नसतें, आणि रुग्णालयांतून निघतांना गडबडींत सुचेल तें नांव सांगून मोकळे होतात. कोणतें नांव ठेवावें यांतहि आपले कायदे फारशी ढवळाढवळ करीत नाहींत. आइसलंडमध्यें नांवांची एक सरकारी समिति आहे. तेथें एका मुलीचें 'ब्लाइर' हें नांव, तो शब्द पुल्लिंगी आहे म्हणून, नामंजूर झालें. पंधरा वर्षांची होईपर्यंत ती सरकारी कागदांवर नुसती 'मुलगी' होती. ३१ जानेवारी २०१३ रोजीं न्यायालयानें तिला तिचें नांव दिलें.

भावाच्या कन्येचें नांव मी येथें छापीत नाहीं. कांहीं वर्षांनीं ती याच संस्थेच्या बालवर्गांत यावयाची आहे, आणि ती येण्याआधींच तें सर्वांच्या तोंडीं होऊं नये. तें त्यांनीं घडविलें तेंच ठेविलें. 'तृप्ति' सुचविणाऱ्या बाईंनीं माझ्या पाठींत सर्वांत जोराचा धपाटा घातला. नोंदणीच्या कचेरींतील कारकुनानें तो कागद दोनदां मनांत वाचला, वर पाहिलें, आणि "पहिली ऱ्हस्व कीं दीर्घ?" एवढेंच विचारिलें. थोरली बहीण अडीच वर्षांची आहे. तिला मधलें अक्षर, तें गोडव्यासाठीं घातलेलें, उच्चारतां येत नाहीं. तें गाळून ती जी हाक मारिते तिला बाळ मान वळवितें. आईहि आतां तीच हाक मारूं लागली आहे.